कुंपणातलं मोकळेपण

कुत्र्यांसाठी बाग असते असं सांगितलं, की आपल्याकडे आधी हसू येतं आणि मग थोडा राग येतो. हसू येतं ते नवलाईनं, आणि राग येतो तो साध्या हिशेबानं. माणसांच्या पोरांना खेळायला जागा नाही, म्हाताऱ्यांना टेकायला बाक नाही, आणि कुत्र्यांना बाग कसली? श्रोतेहो, हा राग मला खोटा वाटत नाही. मुंबईत दर माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरसुद्धा भरत नाही. एक चटई अंथरली की आपला वाटा संपला. ज्या शहरात माणसाच्या वाट्याला चटईएवढी जमीन येते, तिथं कुत्र्याच्या वाट्याची गोष्ट काढणाऱ्यानं आपली बाजू नीट मांडली पाहिजे. आज मी तसा प्रयत्न करणार आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. माझ्या घरी कुत्रा नाही, कधी नव्हता आणि पुढंही असेल असं वाटत नाही. तेव्हा मी जे बोलणार आहे ते श्वानप्रेमातून नाही. ही बाग कुत्र्यांपेक्षा माणसांच्या अधिक उपयोगाची आहे, आणि माणसांमध्येही ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांच्या उपयोगाची आहे, असं मला वाटतं. म्हणून हा विषय.

श्वान उद्यान, किंवा हल्ली सगळे म्हणतात तसं डॉग पार्क, म्हणजे नेमकं काय? सार्वजनिक जागेचा एक तुकडा कुंपण घालून वेगळा काढायचा आणि त्यात पाळीव कुत्र्यांना गळ्यातली साखळी काढून मोकळं सोडायचं, एवढीच ती कल्पना. ती जिथं रुजली ते गाव म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं बर्कली. विद्यापीठाचं गाव, आणि चळवळींचंही. तिथून लोकल रेल्वे न्यायची ठरली, तेव्हा रुळांमुळं गावाचे दोन तुकडे होतील म्हणून लोकांनी हरकत घेतली. १९६६ मध्ये मतदान झालं आणि वाढीव खर्चाचा भार स्वतः उचलून गाडी जमिनीखालून न्यायचा निर्णय नागरिकांनी घेतला. त्या बोगद्यासाठी हर्स्ट ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याकडेची घरं पाडली गेली. बोगदा झाला, वर माती पसरली आणि गावाच्या मधोमध एक लांबलचक मोकळी पट्टी उरली. १९६९ मध्ये, बर्कलीत सार्वजनिक जागांवरून मोठं रण पेटलं होतं तेव्हा, लोकांनी या पट्टीवरही झाडं लावली. पुढं तिथं बाग झाली आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या नावावरून तिला ओलोनी पार्क हे नाव मिळालं.

या बागेचा साधारण अर्धा एकराचा एक कोपरा १९७९ मध्ये कुत्र्यांसाठी वेगळा काढला गेला. अमेरिकेतलं पहिलं बिनसाखळीचं श्वान उद्यान म्हणून आज तो ओळखला जातो. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. वीस गुंठ्यांचा प्रयोग होता तो, पण पुढच्या चाळीसेक वर्षांत त्याचं अनुकरण अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि युरोपात अनेक शहरांनी केलं.

तिथं अशा जागेची गरज का पडली, हे समजून घ्यायला हवं, कारण आपली परिस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतल्या शहरांत रस्त्यावर मालकाशिवाय हिंडणारा कुत्रा सहसा दिसत नाही. दिसलाच तर महापालिकेची गाडी त्याला उचलून नेते. बहुतेक शहरांत कायद्यानं कुत्रा घराबाहेर साखळीलाच असावा लागतो. म्हणजे घरात चार भिंती आणि बाहेर चार हातांची दोरी. धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराला धावायला मिळतच नाही. मग तो घरात बसून भुंकतो, सोफे फाडतो, आल्यागेल्याच्या अंगावर जातो आणि त्याचा त्रास अखेर शेजाऱ्यालाच होतो. दुसरीकडे, साखळी काढून त्याला सरसकट बागेत सोडावं, तर लहान मुलं, वृद्ध आणि कुत्र्याला भिणारी माणसं यांनी जायचं कुठं? या पेचातून काढलेली वाट म्हणजे हे कुंपण.

या जागेची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. आत जायला एकामागून एक अशी दोन फाटकं असतात. पहिलं फाटक उघडायचं, आत शिरायचं, ते लावायचं आणि मगच दुसरं उघडायचं. त्यामुळं एखादा उतावीळ कुत्रा निसटून रस्त्यावर जात नाही. साखळी काढायची ती या दोन फाटकांच्या मधल्या जागेत. त्याला कारण आहे. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात साखळीला बांधलेला कुत्रा गेला, तर आपल्याला पळता येणार नाही हे त्याला कळतं. पळता येत नाही म्हणून तो चावायला धावतो. भांडणं बहुधा अशीच सुरू होतात. पुष्कळ ठिकाणी लहान चणीच्या आणि थोराड कुत्र्यांसाठी वेगळे कप्पे असतात. पाण्याची सोय असते, विष्ठा उचलायला पिशव्या आणि टाकायला डबा असतो. नियमांचा फलक असतो: लसीकरण झालेलं हवं, माजावर आलेली कुत्री आणायची नाही, चार महिन्यांच्या आतलं पिल्लू आणायचं नाही, खाण्याचे पदार्थ आणायचे नाहीत, आणि मालकानं कुत्र्यावरची नजर हलवायची नाही. शहराशहरांत हे नियम थोडे बदलतात, पण गाभा हाच.

कुत्र्यांचा खेळ बघण्यासारखा असतो. एक कुत्रा दुसऱ्यासमोर पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकतो, छाती खाली नेतो आणि मागचा भाग वर ठेवून शेपूट हलवतो. आपण त्याला आळस देणं समजतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात, की हे खेळाचं आमंत्रण आहे. आता मी तुझ्यावर धावून येईन, तुझा कान दातात धरीन, पण ते खोटं खोटं आहे, असा त्याचा अर्थ. समोरच्यानं मान वळवली, पाठ फिरवली, तर आमंत्रण नाकारलं. ज्या पिल्लाला ही भाषा आपल्या जातभाईंकडून शिकायला मिळते ते पुढं बिथरत नाही. ज्याला मिळत नाही, त्याला खेळ आणि हल्ला यांतला फरक कळेनासा होतो.

आता माणसांकडे येतो. माझी भाची कॅलिफोर्नियात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे महिनाभर होतो. तिच्या घराजवळ असं एक उद्यान होतं आणि संध्याकाळी कुंपणाबाहेरच्या बाकावर मी बसत असे. पहिले दोन-तीन दिवस मी कुत्रे पाहिले. नंतर माणसंच पाहू लागलो. त्या गावात रस्त्यानं जाताना माणसं एकमेकांना हसून हात करतात आणि पुढं निघून जातात, थांबत कुणी नाही. इथं मात्र सगळी थांबलेली होती. शीख ट्रकचालक होता, कॉलेजातली चिनी वंशाची मुलगी होती, एक काठी टेकत येणारे गोरे आजोबा होते. हे सगळे रोज अर्धा-पाऊण तास एकत्र उभे राहत. गंमत म्हणजे त्यांना एकमेकांची नावं धड ठाऊक नव्हती, कुत्र्यांची मात्र सगळी पाठ होती. मी भाचीला विचारलं, "त्या आजोबांचं नाव काय गं?" तर ती म्हणाली, "मामू, ते रस्टीचे बाबा."

मला आमचा जुना मोहल्ला आठवला. तिथं आणि आपल्या वाड्या-चाळींतही बायांना स्वतःच्या नावानं कुणी हाक मारत नसे. बाळूची आई, सलीमची अम्मी, असंच चालायचं. नाव मागून कळायचं, नातं आधी जुळायचं. चाळ गेली, गॅलरी गेली, गावातला पार गेला आणि नावानं ओळखण्याचेच दिवस आले. तेही दारावरच्या पाटीपुरते. त्या परक्या गावात कुत्र्यांनी पुन्हा पार घातला होता. एकदा आजोबा चार दिवस आले नाहीत, तेव्हा त्या ट्रकचालकानं त्यांचं घर शोधून काढलं. ते पडले होते, पाय मुरगळला होता. दुसऱ्या दिवसापासून रस्टीला फिरवून आणण्याच्या पाळ्या लागल्या. त्यांच्या शेजारच्या घराला हे पडणं कळलं नव्हतं, कुत्र्यांच्या कुंपणाला कळलं.

ही माझ्या एकट्याच्या डोळ्यांची साक्ष झाली. पण अभ्यासकांनीही हा विषय हाताळला आहे. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली सॅन दिएगो, पोर्टलंड व नॅशव्हिल अशा चार शहरांची एक पाहणी लिसा वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. घरात प्राणी पाळणाऱ्यांच्या आसपासच्या माणसांशी नव्यानं ओळखी होण्याचं प्रमाण न पाळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. त्यातल्या काही ओळखी नुसत्या हसण्यापुरत्या न राहता अडीअडचणीला धावून जाण्यापर्यंत पोचल्या होत्या. अमेरिकेतल्या कोलंबस शहराचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो गुन्हेगारीविषयी होता. ज्या वस्त्यांत कुत्रे जास्त, तिथं घरफोड्या कमी, हे तर अपेक्षितच होतं. पण रस्त्यावरची लूटमार आणि मारहाण कमी दिसली ती, जिथं कुत्रेही जास्त होते आणि रहिवाशांचा एकमेकांवर विश्वासही होता अशाच वस्त्यांत. म्हणजे नुसता कुत्रा पुरत नाही. त्याच्यामुळं माणूस वेळी-अवेळी बाहेर पडतो, चार चेहरे ओळखीचे करतो आणि अनोळखी हालचाल त्याच्या नजरेला येते. शहराच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी १९६१ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तिथल्या माणसांच्या डोळ्यांमुळं, पोलीस नंतर. कुत्रा पाळणाऱ्याला ते डोळे पहाटे आणि रात्री, उन्हात आणि पावसातही उघडे ठेवावे लागतात. त्याला सुट्टी नसते.

न्यूयॉर्कनं तर कुंपणाऐवजी घड्याळ वापरलं. तिथं १९७८ मध्ये कुत्र्याची विष्ठा मालकानंच उचलावी असा कायदा अमलात आला. आधी लोकांनी त्याची थट्टा केली, मग तो अंगवळणी पडला. १९९० मध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअर या बागेत शहरातला कुत्र्यांचा पहिला कुंपणबंद कप्पा झाला. ही बाग तेव्हा दंगे आणि अमली पदार्थ यांसाठी बदनाम होती, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. पण सगळीकडे कुंपण घालायला जागा कुठून आणणार? म्हणून सेंट्रल पार्कसारख्या मोठ्या बागांत ठरावीक भागांमध्ये रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊच्या आधी साखळी काढायला मुभा असे. मुभा होती, लेखी नियम नव्हता. वीसेक वर्षं हे असंच चाललं. २००६ मध्ये क्वीन्स भागातल्या एका नागरिक संघटनेनं न्यायालयात दाद मागितली, की साखळीचा कायदा असताना ही सवलत दिलीच कशी? न्यायालयानं महापालिकेच्या बाजूनं निकाल दिला. पण या खटल्याचा खरा फायदा पुढं झाला. २००७ मध्ये ही सवलत रीतसर नियमात आली आणि त्यासोबत अटीही आल्या: कुत्र्याचा परवाना हवा, रेबीजची लस टोचल्याचा पुरावा हवा. ज्यांनी विरोध केला, त्यांच्यामुळं व्यवस्था पक्की झाली. वाद घालणारा शेजारी हा नेहमी शत्रूच असतो असं नाही, एवढं यातून शिकायला हरकत नाही.

सीमा मोडली की काय होतं, याचंही उदाहरण त्याच सेंट्रल पार्कमधलं आहे. तिथं रॅम्बल नावाचा दाट झाडीचा भाग आहे. तो पक्ष्यांसाठी राखलेला, तिथं कुत्र्याची साखळी कोणत्याही वेळी काढायची नाही असा नियम. २५ मे २०२० रोजी सकाळी एका कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकानं एका गोऱ्या बाईला तिच्या मोकळ्या कुत्र्याला साखळी लावायची विनंती केली. तिनं ती लावण्याऐवजी पोलिसांना फोन केला आणि एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय, असं सांगितलं. त्यानं काढलेलं चित्रण जगभर पाहिलं गेलं. त्याच दिवशी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या हातून मेला. त्यामुळं त्या फोनचा अर्थ काय होऊ शकला असता, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. भांडण कुत्र्याच्या साखळीचं होतं, पण बागेत उभं राहण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न त्याच्या तळाशी होता. नियमाचा फलक ज्याच्यापाशी सत्ता असते त्याला जाचतो आणि ज्याच्यापाशी ती नसते त्याला आधार देतो. त्या माणसाच्या बाजूला एक दुर्बीण होती आणि तो फलक होता.

हे मला इतकं का भिडलं, ते सांगतो. मी कोकणातला मुसलमान. आम्ही बहुतेक शाफई पंथाचे. आमच्या धर्मशास्त्रात कुत्र्याची लाळ लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यांतल्या एका वेळी मातीनं. नमाजाला निघालेल्या माणसाच्या कपड्याला कुत्र्याचं ओलं नाक लागलं, तर त्याला परत घरी जावं लागतं. मालिकी पंथाचे शास्त्री कुत्र्याला अपवित्र मानत नाहीत, म्हणजे आमच्यातही एकमत नाही. पण आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं कुत्रा दिसला की धोतर-लुंगी सावरून बाजूला होतात. ते द्वेषानं नव्हे. ज्या हदीसांत भांडं धुवायला सांगितलंय, त्याच हदीसांत तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याची गोष्ट आहे. एक वाटसरू विहिरीत उतरतो, पायातल्या मोज्यात पाणी भरून वर आणतो आणि कुत्र्याला पाजतो, आणि तेवढ्या पुण्याईवर त्याचे गुन्हे माफ होतात. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून उंबऱ्याशी बसलेला असतो. युधिष्ठिराचा कुत्राही स्वर्गाच्या दाराशीच थांबलेला आहे, आणि त्याला सोडून आत जायला धर्मराज तयार नाही. नामदेव तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तूप घेऊन धावले. दया आणि अंतर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, असं मला या कथांवरून वाटतं. कुत्र्याला पाणी पाजणं हे माझं कर्तव्य, आणि त्यानं माझ्या अंगावर उडी मारू नये हा माझा हक्क. कुंपण या दोन्हींची सोय करतं.

आता आपल्या दाराशी येऊ. मी राहतो त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. त्यांना लहानपणी कुत्रा चावला होता आणि त्या काळची पोटातली चौदा इंजेक्शनं त्या अजून विसरलेल्या नाहीत. खाली आवारात कुत्रे फिरवायला आणू लागल्यापासून त्यांनी संध्याकाळचं उतरणं सोडलं. पाचव्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. पत्नी गेली, मुलगा परदेशात, सोबतीला एक लॅब्रेडॉर. काकूंच्या बाजूनं तक्रारी झाल्या आणि आवारात पाळीव प्राण्यांना बंदी असा फलक लागला. कुत्रा पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, हे त्या गृहस्थांना ठाऊक आहे. पण रोज उठून कायदा कोण दाखवणार? ते पहाटे पाचला, वाहनांच्या वर्दळीआधी, कुत्र्याला हमरस्त्याच्या कडेनं चालवून आणतात आणि दिवसभर दार लावून बसतात. एकाच इमारतीत दोन एकटी माणसं, दोघंही घरात कोंडलेली. यात कुणाचीही बाजू खोटी नाही. त्यांच्यामध्ये वीस गुंठे जमीन आणि दोन फाटकं नाहीत, एवढंच.

आपल्याकडे असे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. हैदराबादला कोंडापूर भागात महापालिकेनं २०१८ मध्ये श्वान उद्यान उघडलं. सव्वा एकराहून थोडी मोठी ही जागा, तिथं आधी कचरा पडत असे. पण अमेरिकेची नक्कल जशीच्या तशी इथं चालणार नाही. तिथं प्रश्न बांधलेल्या कुत्र्यांचा होता. आपल्याकडे बहुसंख्य कुत्रे कुणाचेच नाहीत, ते रस्त्यावर आधीच मोकळे आहेत, आणि घरात कोंडली आहेत ती माणसं. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश भारतात होतात आणि त्यांत मुलं फार असतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पाळीव कुत्र्यांच्या बागेनं हा प्रश्न सुटेल, असं मी म्हणणार नाही. त्याला निर्बीजीकरण, लसीकरण आणि कचऱ्याची व्यवस्था हेच उपाय.

पण या मोठ्या वादातही तोडगा जिथं निघतो तिथं तो जागा ठरवण्याचाच असतो. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात सरकारनं भटके कुत्रे मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजानं दुकानं बंद ठेवली, कुलाब्याच्या फौजेची रसद अडवली आणि हिंदू, जैन व इस्माइली मुसलमानही त्यांच्यासोबत उतरले. मारून टाकणं या शहराला तेव्हाही मानवलं नव्हतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतले भटके कुत्रे निवाऱ्यात कोंडण्याचा आदेश आधी दिला. पुढं २२ ऑगस्टला तो बदलून सांगितलं, की निर्बीजीकरण आणि लस झाल्यावर कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले आणि हिंस्र वगळून. त्याचबरोबर प्रत्येक प्रभागात कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा नेमून द्याव्यात, रस्त्यावर कुठंही घालू नये. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा जागांमधून कुत्रे हटवायला आणि तिथं परत न सोडायला सांगितलं. या आदेशांवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातलं एक सूत्र दिसतं. इथं चालेल, इथं चालणार नाही, हे आधी ठरवा आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा.

श्वान उद्यानाचे तोटेही सांगायला हवेत. तिथं भांडणं होतात. लस नसलेल्या एका कुत्र्यामुळं पिल्लांना जीवघेणा आजार लागू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे चिखल आणि गोचिडांचा त्रास होईल. म्हाताऱ्या किंवा भित्र्या कुत्र्याला गर्दी सोसत नाही, त्याला तिथं नेऊच नये. आणि मालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला तर सारी व्यवस्था कोलमडते. शिवाय आपल्याकडे जागा नाही, हा पहिला आक्षेप उरतोच. त्यावर न्यूयॉर्कचं घड्याळ कामाला येईल. आहे त्याच मैदानाचा कुंपण घातलेला कोपरा सकाळी दीड तास आणि रात्री एक तास कुत्र्यांना, बाकी दिवसभर मुलांना. महापालिकेचा परवाना आणि लसीचा दाखला नसेल तर फाटकातून आत नाही. आपल्या महापालिका कुत्र्यांचे परवाने देतात, पण ते काढायला फारसं कुणी जात नाही. बागेचं आमिष असलं की लोक आपणहून परवाना काढतील, लस टोचतील, आणि हा लाभ कुत्रा नसलेल्या प्रत्येक माणसाला मिळेल.

माझी एक सूचना आहे. अशी बाग झाली, तर तिच्या देखरेख समितीत निम्मी माणसं कुत्रा नसलेली असावीत. काकूंसारखी भिणारी असावीत, नमाजी असावीत, लहान मुलांच्या आया असाव्यात. वेळ कोणती आणि कुंपण किती उंच, हे त्यांना विचारून ठरावं. कुत्रेवाल्यांनी कुत्रेवाल्यांसाठी केलेली बाग हे एका गटाचं लाड पुरवणं होईल. सगळ्यांनी मिळून ठरवलेली बाग मोहल्ल्याची होईल.

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय लेखी दिला आहे. मागच्या बाजूला वाहनतळाला लागून एक रिकामी पट्टी आहे, तिथं आज मोडक्या सायकली आणि जुनं सामान पडलेलं असतं. तिथं जाळी घालावी आणि रोज दोन वेळा तासभर तिथंच कुत्रे सोडावेत, म्हणजे पुढचं आवार काकूंना मोकळं राहील, असा तो प्रस्ताव. त्यावर मी दोन सह्या आधीच घेतल्या आहेत. एक पाचव्या मजल्यावरची आणि एक तिसऱ्या. काकूंनी सही करताना एवढंच विचारलं, "जाळी किती फुटांची घालणार?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "सहा."

मी प्रस्तावात सहा लिहिलं आहे.